अर्ध्या तासात होईल ना? (युरोप टूर काढणाऱ्या मंडळींना एक खुलं पत्र)

समस्त युरोप टूरवाल्यांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकाचा फोन आला होता. नाव नाही घेत, कारण माणूस गोड होता आणि एकटा तोच तसा आहे असंही नाही. झालं असं की मी फ्रान्सच्या एका खेड्यातले फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, तिथून ते कुणाच्या भाच्याकडे गेले, भाच्याकडून ह्यांच्याकडे, आणि ह्यांनी मला दुपारच्या चहाच्या वेळेला गाठलं. "मॅडम, आम्ही साउथ फ्रान्स ऑफबीट म्हणून नवीन पॅकेज करतोय, सकाळी बार्सिलोना सोडायचं आणि रात्री कार्कासोनला मुक्काम, मधे तुमचं ते गाव टाकायचंय. तो डोंगरावरचा चर्च आहे ना, तो अर्ध्या तासात होईल ना?"

मी म्हटलं बघून सांगते, आणि फोन ठेवला. नंतर लक्षात आलं की बघायचं काय त्यात, उत्तर मला माहीत होतं, फक्त ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगते, मी टूरवाल्यांच्या विरोधात वगैरे अजिबात नाही. आमचं पहिलं युरोप तुमच्यासारख्यांच्याच बसमधून झालं, सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पथ्याचं खाणं होतं, आणि तुमच्या टूर मॅनेजर पोराने त्यांना बर्फात धरून नेलं, स्वतःच्या हाताने वरणभात वाढला, त्या जाईपर्यंत त्या पोराची आठवण काढायच्या. तेव्हा "बसमधून काय युरोप बघता" म्हणून नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. पण प्रत्येक जागेला बस लावता येत नाही एवढंच म्हणणं आहे, आणि ही जागा तर त्यातली पहिल्या नंबरची.

गावाचं नाव व्हर्ने-ले-बँ. लिहिताना शेवटी टी आणि एस लावतात आणि बोलताना दोन्ही गिळतात, आणि तिथली दक्षिणेकडची माणसं हेल काढून "बेंग" असं काहीतरी म्हणतात, त्यामुळे मी सहा दिवस गावाचं नाव नीट उच्चारू शकले नाही. बँ म्हणजे स्नान, गरम पाण्याचे झरे. फ्रान्सच्या अगदी खालच्या टोकाला, स्पेनच्या सीमेला लागून, परपिन्याँ शहरापासून गाडीने तासाभरावर. मुलगा तुलुझला विमानाच्या कंपनीत आहे, त्याने आम्हाला गाडीने सोडलं आणि स्वतः परत गेला, म्हणजे आम्ही दोघं म्हातारे आणि आमचं फ्रेंच, जे "बाँजूर" पासून सुरू होऊन "मेर्सी"ला संपतं.

हा सगळा भाग काटालान लोकांचा. १६५९ च्या तहात तो स्पेनकडून फ्रान्सकडे आला, पण रस्त्यावरच्या पाट्यांवर अजून फ्रेंच आणि काटालान दोन्ही भाषा आहेत आणि सगळीकडे लाल-पिवळ्या पट्ट्यांचे झेंडे. आणि डोक्यावर कानिगू. २७८४ मीटरचा डोंगर, पिरेनीजमधला सगळ्यात उंच नाही, त्याच्या जवळपासही नाही, पण मैदानातून एकदम सरळ उठतो आणि समुद्रावरूनही दिसतो, त्यामुळे काटालान लोकांना तो डोंगर म्हणजे आपल्याकडे एखाद्या गडाचं असतं तसं आहे, नुसता डोंगर नाही. जूनमधे सेंट जॉनच्या रात्रीच्या सुमाराला लोक त्याच्या माथ्यावर लाकडं वाहून नेतात, तिथे आग पेटवतात आणि ती ज्योत खाली गावागावात नेतात. परपिन्याँमधे ती ज्योत वर्षभर सांभाळून ठेवलेली असते. पिरेनीजमधल्या या अग्नी-उत्सवांना २०१५ मधे युनेस्कोच्या यादीत घेतलंय. हे तुमच्या ब्रोशरला चालेल, घ्या, फुकट.

गाव साडेसहाशे मीटरवर, वस्ती दीड हजाराच्या आत. मधून कादी नावाची नदी. जुनं गाव टेकडीवर, अरुंद गल्ल्या, वर किल्ला आणि चर्च, आणि खाली पाण्याच्या बाजूला नवं गाव, म्हणजे नवं कसलं, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं, कसिनो, हॉटेलं, पार्क. आणि झाडं! इतक्या जातींची झाडं लावलीत की गाव स्वतःला फ्रान्समधलं पहिलं वृक्षसंग्रहालय-गाव म्हणवतं, झाडाझाडाला नावाची पाटी. आमचे हे बॉटनी शिकवायचे कॉलेजात, त्यांचा पहिला दिवस पूर्ण झाडांच्या पाट्या वाचण्यात गेला आणि मी बाकावर. तुमच्या अर्ध्या तासात त्यांचं तिसरं झाड झालं असतं.

आता त्या "चर्च"बद्दल. तो चर्च नाही, मठ आहे, आणि तो व्हर्नेत नाहीच. पुढे कास्तेय नावाचं अजून छोटं गाव आहे, तिथे गाडी सोडायची आणि चालायचं. वरती रस्ता बांधलेला आहे पण खाजगी गाड्यांना बंद, आणि चढ जवळजवळ तीनशे मीटरचा. तरणी माणसं पाऊण तासाच्या आत जातात. आम्हाला सव्वा तास लागला, त्यात चार वेळा बसलो, एकदा भांडलो (पाण्याची बाटली कोणी घ्यायची होती यावरून). गुडघे दुखणाऱ्यांसाठी जीपची सोय होऊ शकते, पण ती आधी ठरवावी लागते. आणि वर पोचलं की दार उघडून आपलं आपण आत शिरायचं असं नाही, ठरलेल्या वेळेला माणूस येतो, सगळ्यांना बरोबर घेऊन जातो, त्या वेळेतच बघायचं, कारण आत अजूनही एक धार्मिक मंडळ राहतं, प्रार्थना चालू असते. म्हणजे चढायला एक तास, वाट बघायला थोडा, बघायला एक, उतरायला पाऊण. आता तुम्हीच हिशोब करा साहेब.

आणि बघायचं काय असतं? फोटोत जे दिसतं ते, कड्याच्या टोकावर घारीच्या घरट्यासारखा बसवलेला मठ, चौकोनी बुरुज, चारी बाजूंनी खोल दरी. पण मला त्याच्यापेक्षा गोष्ट आवडली. हजार वर्षांपूर्वी तिथे ग्विफ्रे नावाचा सरदार होता, सेर्दान्याचा काउंट. दंतकथा अशी की लढाई ऐन रंगात असताना पुतण्या आपली जागा सोडून गेला म्हणून ह्याने रागाच्या भरात त्याला मारलं आणि मग प्रायश्चित्त म्हणून हा मठ बांधला. खरंखोटं देव जाणे, पण मठाचा अभिषेक १००९ साली झाला हे पक्कं. एकावर एक अशी दोन देवळं, खालचं जमिनीत अर्धं गाडल्यासारखं, मेरीचं, बुटके जाड खांब, आत शिरलं की डोळ्यांना दोन मिनिटं काही दिसत नाही, आणि वरचं सेंट मार्टिनचं. ग्विफ्रेचा भाऊ ऑलिबा जवळच्याच कुशाच्या मठाचा मुख्य होता, पुढे बिशप झाला, म्हणजे घराणं वजनदार.

तर हा ग्विफ्रे १०३५ मधे सगळं मुलांवर सोपवून स्वतः त्या मठात साधू झाला. आपल्याकडे वानप्रस्थ म्हणतो तसं, पण आपण नुसतं म्हणतो आणि हा खरंच गेला. चौदा वर्षं राहिला, १०४९ मधे तिथेच गेला. खडकात खोदलेली त्याची कबर अजून दाखवतात, शेजारी बायकोची. कबर त्याने स्वतःच्या हाताने खोदली असं सांगतात. मी तिथे उभी राहून विचार करत होते की चौदा वर्षं रोज सकाळी उठून हा माणूस ती जागा बघत असेल.

पुढचं ऐका. तो गेल्यावर मठातल्या एका साधूला कातड्याची गुंडाळी देऊन पाठवलं, त्यावर निधनाची वार्ता. तो पायी निघाला, फ्रान्समधून वर वर, पार जर्मनीपर्यंत, आणि वाटेतल्या प्रत्येक मठात ती गुंडाळी उघडायची, तिथल्या लोकांनी त्यावर आपल्याकडून दोन शब्द लिहायचे, आम्ही तुमच्या माणसासाठी प्रार्थना करू, तुम्ही आमच्या गेलेल्यांसाठी करा. मग पुढचा मठ. आपण ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" कॉपी-पेस्ट करतो आणि लगेच खाली कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं, त्यावरून मला ते फारच लागलं.

१४२८ च्या फेब्रुवारीत मोठा भूकंप झाला, बुरुजाची आणि राहत्या भागाची वाट लागली, परत बांधायला वर्षानुवर्षं गेली. मग हळूहळू ओहोटी. १७८० च्या सुमाराला तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके म्हातारे साधू उरले होते, मठ बंद झाला, ते खाली गेले, आणि मग लोकांनी जे सगळीकडे करतात तेच केलं, दगड नेले. कोरीव खांबांची डोकी कुणाच्या अंगणात, कुणाच्या भिंतीत. सव्वाशे वर्षं नुसती पडझड. १९०२ मधे परपिन्याँचे बिशप कार्सालाद द्यु पाँ यांनी ते अवशेष विकत घेतले आणि काम सुरू केलं, म्हणजे आज जो मठ तुम्हाला फोटोत "मध्ययुगीन" दिसतो त्यातला बराच भाग विसाव्या शतकात परत उभा केलेला आहे. हे लपवायची गरज नाही, मला तर त्यामुळे तो जास्त जवळचा वाटला. तुमच्या गाइडने मात्र "सगळं हजार वर्षं जुनं" असं ठोकून देऊ नये, प्लीज.

शेजारच्या कुशाची कथा तर याहून भारी. तिथल्या अंगणातले कोरीव खांब एका अमेरिकन शिल्पकाराने गोळा करून विकत घेतले आणि ते आता न्यूयॉर्कच्या म्युझियममधे आहेत, डोंगर उतरलेलं अंगण थेट मॅनहॅटनमधे. व्हेनिसचा एक राजप्रमुख, तिथे डोजे म्हणतात, पिएत्रो ऑर्सेओलो, ९७८ मधे एका रात्री राज्य सोडून पळून आला तो ह्या कुशालाच, साधू व्हायला. काय आहे या डोंगराच्या पायथ्याला की माणसं राज्यं सोडून येतात आणि परत जात नाहीत? आणि तुम्ही विचारताय अर्धा तास.

बरं, पाण्याकडे येऊ. व्हर्नेचं पाणी गंधकाचं आणि जमिनीतून गरम येतं. वास... आपले वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेलेले लोक ओळखतील, उकडलेलं अंडं. (तुमच्या शुद्ध शाकाहारी ग्रुपला आधी सांगून ठेवा, नाहीतर नाश्त्यावरून गैरसमज होईल.) पूर्वी गाव आणि झरे मठाच्याच मालकीचे होते, म्हणजे वर देव आणि खाली गुडघे, दोन्ही डिपार्टमेंट एकाच ऑफिसकडे. आजही सांधेदुखीवाले आणि श्वासाचे, नाकाकानाचे पेशंट येतात. पण फ्रान्समधे हे स्पा म्हणजे आपण समजतो तसं चेहऱ्याला काकडी लावणं नाही. तिथे हा इलाज आहे, डॉक्टर लिहून देतो, सरकारी आरोग्य विमा त्याचा बराच खर्च उचलतो, आणि कोर्स १८ दिवसांचा असतो. अठरा! रविवार धरून तीन आठवडे. मधेच सोडलं तर विम्याचे पैसे मिळायला अडचण.

मला पार्कात एक बाई भेटायच्या, माझ्याच वयाच्या, मोडकं इंग्रजी यायचं, नॉर्मंडीकडच्या. तिसरं वर्ष होतं त्यांचं. सकाळी पांढरा झगा आणि प्लॅस्टिकच्या चपला घालून उपचार, फवारे, चिखलाचे लेप, मग जेवण, झोप, संध्याकाळी बाकावर विणकाम. नवरा गेल्यापासून एकट्या येतात म्हणाल्या, गुडघा काही फारसा सुधारला नाही पण इथे मला सगळे ओळखतात. बेकरीवाली त्यांना न विचारता अर्धाच पाव कापून द्यायची. हे मी तुम्हाला कशात बसवून देऊ, "ऑप्शनल साइटसीइंग" मधे?

आता मुख्य मुद्दा, कारण तुम्ही हे नक्की विकणार आहात: किपलिंग. गावात त्याचं नाव पाटीवर आहे, आणि तुमचा मॅनेजर माइकवर म्हणणार "जंगल बुकवाला!" आणि लोक टाळ्या वाजवणार. वाजवा, पण पूर्ण तरी सांगा. रडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला, ३० डिसेंबर १८६५, वडील जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकवायचे, म्हणजे आपल्या सीएसटीच्या पलीकडची गल्ली. १९१०, १९११ आणि १९१४ असा तीनदा तो व्हर्नेला आला. कशाला? बायकोला पाण्याचा इलाज हवा होता म्हणून. इतक्या मोठ्या लेखकाची गोष्टसुद्धा शेवटी "हिचे सांधे धरलेत, चल जरा गरम पाण्याला जाऊन येऊ" इथेच येते, आमच्या ह्यांनी ही माहिती फारच आवडीने ऐकली. कानिगूच्या प्रेमात पडला तो. इंग्लिश पाहुण्यांचं तिथे एक छोटं मासिक निघायचं त्यात १९११ ला त्याने व्हर्नेत बर्फ का पडतो यावर एक गमतीची कथा लिहिली, इंग्रजांच्या हवामानावर बोलत बसायच्या खोडीची थट्टा.

कारण तेव्हा व्हर्ने म्हणजे इंग्रजांचंच गाव झालं होतं हिवाळ्यात. त्याच्या आधी १८४६ मधे इजिप्तचा इब्राहिम पाशा पाणी घ्यायला येऊन गेला आणि गावाचं नाव झालं, मग १८९५ मधे रेल्वे जवळच्या व्हिलफ्रांशपर्यंत आली, आणि मग लंडनहून लाटच. त्यांच्यासाठी अँग्लिकन चर्चसुद्धा बांधलं, ते आहे अजून. आणि त्या मंडळीतलं सगळ्यात मोठं नाव कोण, तर लॉर्ड रॉबर्ट्स. हा माणूस कानपूरचा, १८३२ चा जन्म, १८५७ च्या उठावात लढला, त्यात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, दुसऱ्या अफगाण युद्धात नाव कमावलं, १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा कमांडर-इन-चीफ. म्हातारपणी हाडं शेकायला व्हर्नेला. आणि मेला कुठे माहितीये? फ्रान्समधेच, नोव्हेंबर १९१४, महायुद्धात आलेल्या हिंदुस्थानी पलटणींना भेटायला गेला, थंडी बाधली, न्युमोनिया.

तर मी त्या पार्कातल्या सावलीत बसून विचार करत होते की एक मुंबईत जन्मलेला, एक कानपूरला, आणि दोघं संध्याकाळी ह्याच झाडाखाली गप्पा मारत बसत असतील, कशाच्या, आपल्याच देशाच्या. त्या काळात हिंदुस्थानातून निवृत्त झालेल्या साहेबांची पेन्शनं आपल्याच महसुलातून विलायतेला जायची, होम चार्जेस म्हणायचे त्याला, दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर त्याचाच हिशोब मांडला. म्हणजे तिथल्या एखाद्या हॉटेलच्या बिलात सोलापूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याचाही पैसा-आणा असेलच की. मी राग म्हणून सांगत नाहीये, पार्क छान आहे, झाडं छान आहेत. पण आपली माणसं तिथे उभी राहून सेल्फी काढणार असतील तर त्यांना ही बाजू कोणीतरी सांगायला हवी, फ्रेंच गाइड कशाला सांगेल, त्याचं काय अडलंय. ते तुमच्या मॅनेजरचं काम आहे, आणि त्याला बसच्या वेळापत्रकातून मान वर करायला वेळ मिळाला तरच तो करेल.

तिथेच ब्रिटन आणि फ्रान्सच्या मैत्रीचं स्मारक आहे, १९०४ च्या कराराचं, व्हिओले नावाच्या स्थानिक शिल्पकाराने केलेलं. युद्धाच्या आधी सुरू झालं आणि अनावरण व्हायला १९२० उजाडलं. मधल्या काळात किपलिंगचा एकुलता एक मुलगा १९१५ ला लूसच्या लढाईत गेला होता, अठरा वर्षांचा. त्या दगडासमोर मी जरा जास्त वेळ थांबले.

मग ती हॉटेलं कुठे गेली, असं तुमचे लोक विचारतील, कारण जुन्या पोस्टकार्डावर जेवढं दिसतं तेवढं आज नाहीये. वाहून गेली. ऑक्टोबर १९४०. काटालान भाषेत "आइग्वात" म्हणतात, पाण्याचा लोंढा. चार-पाच दिवस पाऊस, आणि कानिगूच्या पलीकडच्या खोऱ्यात एका ठिकाणी चोवीस तासात ८४० मिलिमीटर मोजला गेला. आपल्याला २६ जुलै २००५ आठवतो ना, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, मी त्या दिवशी शाळेतच अडकले होते पोरांना घेऊन, रात्रभर. तेव्हा मला तो आकडा कुणी समजावून सांगायला नको. फक्त तिथे खाली मुंबई नाही, उभा डोंगर आणि चिंचोळी दरी, आणि मधे ती कादी. आज बघाल तर पाय बुडेल न बुडेल एवढं पाणी, आणि तिच्या दोन्ही बाजूला एवढ्या उंच भिंती कशाला बांधल्यात असं वाटतं. त्या रात्रीसाठी बांधल्यात. इंग्लिश गावाचा बराचसा भाग त्या लोंढ्याने नेला, आणि वर फ्रान्स तेव्हा जर्मनांपुढे नुकताच पडलेला, परत बांधायला येणार कोण आणि राहायला येणार कोण.

आणि आता उलटं झालंय. २०२२ पासून दोन-तीन वर्षं त्या जिल्ह्यात भयानक दुष्काळ होता, पाण्यावर निर्बंध, बागांना पाणी नाही, काही गावांत नळाला प्यायचं पाणी नाही, बाटल्या वाटल्या. गरम पाण्यासाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश आणि तिथे पाणी मोजून. आपल्या मराठवाड्याच्या माणसाला हे लगेच कळेल. पंचेचाळीस माणसं एकाच सकाळी आंघोळीला उभी राहिली तर काय होतं ते छोट्या गावातल्या हॉटेलवाल्याला विचारा.

तर माझं म्हणणं काय. नेऊ नका असं नाही, उलट गावाला माणसं हवीच आहेत, सीझन नसताना अर्धी दुकानं बंद दिसली मला. पण मोठा कोच घेऊन येऊ नका, त्या गल्ल्यांत तो वळणार नाही आणि वळला तरी शोभणार नाही. बारा-पंधरा माणसं आणा. निदान तीन रात्री ठेवा. एक दिवस नुसता मठाला, सकाळी लवकर, उन्हाच्या आधी, आणि ज्यांना चढवत नाही त्यांची जीप आधीच सांगून ठेवा, खाली बसवून ठेवून "तुम्ही कॉफी प्या" करू नका. ते फार लागतं माणसाला, मी बसलेय तशी एकदा स्वित्झर्लंडमधे. एक दिवस व्हिलफ्रांशहून निघणाऱ्या पिवळ्या गाडीला, तिसऱ्या रुळावरून वीज घेणारी छोटी ट्रेन, १९१० पासूनची, डोंगरात ६३ किलोमीटर वर वर जाते, आपल्या माथेरानच्या राणीची फ्रेंच मावशी म्हणा. आणि एक दिवस काहीच नाही. खरंच काहीच नाही, प्रोग्रॅममधे तसं छापा: "दिवस तिसरा – काहीच नाही". बघा लोक पैसे देतात की नाही.

खाण्याची काळजी सगळे करता म्हणून सांगते, वांगी, ढबू मिरची, कांदा निखाऱ्यावर भाजून, साल काढून तेल घालून देतात, एस्कालिवादा, म्हणजे न कुटलेलं भरीतच. फक्त वर छोटे खारवलेले मासे ठेवायची पद्धत आहे, ते नको म्हणून आधी सांगायचं. भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून देतात. उन्हाळ्यात त्या खोऱ्यातली पीच आणि जर्दाळू, बस्स, मी दोन दिवस दुसरं काही खाल्लं नाही. मेतकूट आम्ही नेलं होतं, लागलं नाही, परत आणलं. (थेपले संपले.)

आणि त्या फोनवाल्या दादांना खास. तुम्ही बोलता बोलता म्हणालात की "मॅडम, लोकांना लिस्ट मोठी लागते, कमी जागा दाखवल्या तर बुकिंग होत नाही." हे खोटं नाही, मला माहितीये, माझीच बहीण ब्रोशरमधल्या टिकमार्क मोजून पॅकेज निवडते. पण आता पहिलं युरोप झालेले कितीतरी साठी-पासष्टीचे लोक आहेत आपल्यात, पेन्शनवाले, मुलं बाहेर, वेळच वेळ, त्यांना आयफेल टॉवर परत बघायचा नाहीये. त्यांना कुठेतरी जाऊन राहायचंय आणि कसं ते माहीत नाहीये, भाषेची भीती आहे, औषधांची पिशवी आहे. तुमची खरी गरज त्यांना आहे. पुढच्या वर्षी मे अखेरीला आम्ही परत जातोय, सोसायटीतली तीन जोडपी तयार आहेत, म्हणजे आठ माणसं झाली. अजून चार तुम्ही आणलीत तर बारा होतात. व्हिसा आणि तिकिटं तुम्ही बघा, बाकी मी आहे. फोन करा, फक्त चहाच्या वेळेला नको.

आपली,
एक रिटायर्ड बाई, ठाणे